संदिग्ध भविष्यदर्शन (अद्भुतसाहित्य)

स्वप्न, दृष्टान्त, आकाशवाणी, शकुन किंवा द्रष्ट्याचे वचन यांच्या द्वारे कथेतील पात्राला भावी घटनांची चाहूल लागते, परंतु तिचे एकाहून अधिक अर्थ संभवतात, तेव्हा त्या चाहुलीस संदिग्ध भविष्यदर्शन असे म्हणतात. पुराणकथा, जातके, लोककथा, नाटक आणि आधुनिक अद्भुतरम्य कादंबरी या सर्व प्रकारांत हे कथाबीज आढळते. त्याच्या विवेचनात ‘या दर्शनाचा खरा अर्थ काय’ हा प्रश्न सहसा अग्रभागी असतो. तथापि अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा आणि तो चुकल्यास त्याची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. भारतीय परंपरेतील जुन्या कथांत ते प्रकर्षाने विचारलेले दिसतात. मराठीत चिं. त्र्यं. खानोलकर यांची ‘कोंडुरा’ (१९६६) ही कादंबरी या विषयाचे सर्वांत ठळक आधुनिक उदाहरण मानता येईल.

संज्ञा आणि व्याप्ती

मराठीत या कल्पनेसाठी एकच सर्वसमावेशक शब्द रूढ नाही. आहेत ते शब्द वेगवेगळ्या छटांचे आहेत. आकाशवाणी ऐकू येते, पण बोलणारा दिसत नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. शकुन डोळ्यांना दिसतो, पण तो मुका असतो. कौल मागून घ्यावा लागतो. कोकणातील देवळांत मूर्तीला फुले वा पाकळ्या लावून कोणत्या बाजूची आधी पडते ते पाहण्याची रीत आहे. तेथे प्रश्न माणूस ठरवतो आणि देवाचे उत्तर होय किंवा नाही एवढ्यावरच संपते. दृष्टान्त मात्र न मागता येतो आणि त्याचा प्रश्नही ठाऊक नसतो. हाच शब्द अलंकारशास्त्रात आणि महानुभाव वाङ्मयात ‘दाखला’ या अर्थाने वापरला जातो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. दाखल्यातून तत्त्व उलगडावे लागते, तसे स्वप्नातील दृष्टान्तातून आज्ञा उलगडावी लागते. रमल ही फासे टाकून प्रश्नाचे उत्तर काढण्याची, अरबी परंपरेतून आलेली विद्या होय. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहाच्या नावात तिचाच उल्लेख आहे.

भविष्यदर्शन आणि कोडे यांत भेद करणे आवश्यक आहे. कोडे घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असते आणि ते सुटल्यावर कोडे संपते. भविष्यदर्शनाचे उत्तर घटना घडेपर्यंत सिद्ध होत नाही, आणि ती घटना बहुधा अर्थ लावणाऱ्याच्या कृतीमुळेच घडून येते. म्हणून कथेत त्याचा अर्थ लावणे हीच एक कृती ठरते.

स्वप्नांचे शास्त्र

प्राचीन भारतीय ग्रंथांत स्वप्नांच्या वर्गीकरणाचा बराच विचार झाला आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज असे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले पाच निष्फळ मानावेत, असा वैद्याला उपदेश आहे. जे पाहिले, ऐकले, भोगले, इच्छिले किंवा कल्पिले, तेच स्वप्नात आले तर त्यात भविष्य शोधू नये, असा त्याचा आशय. दिवसा पडलेले, अतिशय लहान किंवा अतिशय लांबलेले स्वप्नही फळत नाही, असे तेथे म्हटले आहे. अर्थ लावण्यापूर्वी ‘अर्थ आहे तरी का’ असे विचारणारी ही चाळणी साहित्यातील पात्रे क्वचितच वापरतात.

रामायणात दोन स्वप्ने एकाच संकेतभाषेत बोलतात. अयोध्याकांडात आजोळी असलेला भरत मलिन वेषातील, केस विस्कटलेल्या, तेल पिणाऱ्या पित्याला पाहतो. गाढवे जुंपलेल्या वाहनातून जाताना जो स्वप्नात दिसतो त्याच्या चितेचा धूर लवकरच दिसतो, असा संकेत तो स्वतःच सांगतो. सुंदरकांडात त्रिजटा राक्षसी रावणाला मुंडन केलेल्या, तेलाने माखलेल्या अवस्थेत गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे जाताना पाहते. दक्षिण ही यमाची दिशा असल्याने ऐकणाऱ्या राक्षसींना वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. या स्वप्नांत संदिग्धता जवळजवळ नाही, कारण संकेतांचा कोश सर्वांना पाठ आहे. महाभारताच्या उद्योगपर्वातही कर्ण कृष्णाला आपले स्वप्न सांगतो. हाडांच्या राशीवर बसून युधिष्ठिर सोन्याच्या पात्रातील घृतपायस खात असल्याचे त्याने पाहिले आहे. त्याचा अर्थ पांडवांचा जय असा तो अचूक लावतो आणि तरीही आपला पक्ष सोडत नाही. अर्थ कळूनही कृती न बदलणारे पात्र या प्रकारच्या साहित्यात दुर्मीळच आहे.

कोसलराजाची सोळा स्वप्ने

अर्थ लावणाऱ्याच्या हेतूचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मांडणारी कथा पाली जातकसंग्रहात आहे. महासुपिन जातकात (क्रमांक ७७) कोसलचा राजा पसेनदी याला एका रात्रीत सोळा स्वप्ने पडतात. चार दिशांनी चार काळे बैल झुंजण्यासाठी येतात, डरकाळ्या फोडतात आणि न झुंजताच मागे फिरतात. इवलीशी झाडे फुलतात, फळतात. गाई त्याच दिवशी जन्मलेल्या वासरांचे दूध पितात. दगड पाण्यावर तरंगतात. भयभीत राजा ब्राह्मणांना विचारतो. राज्य, प्राण किंवा संपत्ती यांपैकी एकावर घाला येणार, असे ते सांगतात आणि शांतीसाठी मोठा पशुयज्ञ सुचवतात. यज्ञासाठी प्राणी जमवले जाऊ लागतात.

राणी मल्लिका राजाला बुद्धांकडे जाण्याचा सल्ला देते. बुद्ध प्रत्येक स्वप्नाचा अर्थ सांगतात, पण तो या राजाशी संबंधित नसून पुढे येणाऱ्या ऱ्हासकाळाशी संबंधित आहे. अधर्मी राजांच्या काळी ढग दाटून येतील, गडगडतील आणि न बरसताच निघून जातील, हा बैलांच्या स्वप्नाचा अर्थ होय. राजाला त्यापासून भय नाही. यज्ञ थांबतो, बांधलेले प्राणी सोडले जातात. याच जातकाच्या अतीतकथेत एक तरुण शिष्य आपल्या गुरूला विचारतो की, एकाला मारून दुसऱ्याचे रक्षण होते असे आपल्या वेदांत कोठे आहे. यातून आपल्याला पुष्कळ धन मिळणार आहे, असे उत्तर गुरू देतो.

या कथेत स्वप्ने खोटी ठरत नाहीत, हे विशेष. खोटा ठरतो तो त्यांचा रोख. दर्शन खरे असले तरी ते ‘माझ्याविषयी’ आणि ‘आत्ताचे’ आहे असे मानण्याची घाई राजाला होते, आणि त्या घाईचे मोल यज्ञस्तंभाला बांधलेले प्राणी देणार असतात. अर्थ लावणाऱ्याचा लाभ आणि चुकीच्या अर्थाचा बळी यांची इतकी उघड मांडणी नंतरच्या साहित्यातही क्वचित आढळते.

दोन बोटे आणि एक बोट

सिद्धार्थाच्या जन्मानंतरचे भाकीत हे द्विपर्यायी भविष्यदर्शनाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. निदानकथेनुसार आठ ब्राह्मणांपैकी सातांनी दोन बोटे उचलली. मूल घरी राहिल्यास चक्रवर्ती होईल, गृहत्याग केल्यास बुद्ध होईल. वयाने सर्वांत लहान असलेल्या कौंडिण्याने मात्र एकच बोट उचलले, कारण त्याच्या मते दुसरी शक्यता नव्हतीच. शुद्धोदन राजा पहिला पर्याय खरा करण्याच्या खटपटीत मुलाला दुःखाच्या दर्शनापासून दूर ठेवतो, आणि परंपरागत कथेप्रमाणे याच बंदोबस्तामुळे वार्धक्य, रोग आणि मृत्यू यांचे प्रथमदर्शन सिद्धार्थाला असह्य होते.

नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेनंतर वर्षभराने, १९५७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध झाला. त्यात या कथेचा पुनर्विचार आहे. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत माणसाने वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिलेच नाही हे संभवत नाही, असा आक्षेप ग्रंथाच्या प्रस्तावनेत घेतला आहे. असित मुनींचे भाकीत ग्रंथात कायम आहे. परंतु गृहत्यागाचे कारण म्हणून शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि त्यातील सिद्धार्थाचा युद्धविरोध पुढे येतो. भाकीत राहते, पण त्याच्या पूर्तीचा मार्ग दैवाकडून निवडीकडे वळतो. भविष्यकथनाची कथा न मोडता तिचा अर्थ बदलण्याचे हे महत्त्वाचे उदाहरण असून, साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे या दृष्टीने पाहणे उपयुक्त ठरेल.

आठवा कोणता?

भागवतातील कंसाची कथा महाराष्ट्रात कीर्तनातून घरोघरी पोहोचली. देवकीचा रथ हाकणाऱ्या कंसाला तिचा आठवा पुत्र तुझा वध करील, अशी आकाशवाणी ऐकू येते. वरवर पाहता हे वचन पूर्णपणे निःसंदिग्ध आहे. म्हणूनच वसुदेवाने पहिले मूल आणून दिल्यावर कंस ते परत करतो. भय आठव्यापासून आहे, पहिल्यापासून नाही. पुढे नारद येतो आणि त्याचा विचार पालटतो. कीर्तनकारांच्या कथनात नारद आठ पाकळ्यांचे कमळ दाखवून पाकळ्या मोजायला सांगतो. वर्तुळात कोठूनही मोजणी सुरू करता येते, त्यामुळे कोणतीही पाकळी आठवी ठरू शकते.

एका अंकाची संदिग्धता इतक्या साध्या युक्तीने उघड करणारी ही गोष्ट श्रोत्यांना हसवते, पण तिचा परिणाम भीषण आहे. ‘आठवा’ या शब्दाचा अर्थ रुंदावताच सहा निरपराध अर्भकांचा मृत्यू ठरून जातो. कीर्तनात नारदाच्या या कृतीचे समर्थन कंसाचा पापाचा घडा लवकर भरावा, असे केले जाते. हे समर्थन श्रोत्याला पटो वा न पटो, कथा मात्र एक गोष्ट सांगून जाते: शब्दशः अर्थ धरणारा कंस काही काळ सौम्य होता, तर्ककुशल अर्थ स्वीकारणारा कंस क्रूर झाला.

हिरण्यकशिपूची कथा याच्या उलट बाजूने चालते. तेथे भाकीत नसून वर आहे, आणि वर मागणारा स्वतःच सर्व शक्यता बंद करू पाहतो: माणूस नको, पशू नको, दिवस नको, रात्र नको, घरात नको, बाहेर नको. नरसिंह, संध्याकाळ आणि उंबरठा या तीन पळवाटा उरतात. भाषा कितीही काटेकोर केली तरी दोन शब्दांमधला उंबरठा शिल्लक राहतो.

डेल्फी ते ‘मॅकबेथ’

ग्रीक परंपरेत संदिग्धता बहुधा वाक्याच्या रचनेतच असते. लिडियाचा राजा क्रीसस याला डेल्फीच्या देवस्थानाने, पर्शियावर स्वारी केल्यास तू एक मोठे साम्राज्य नष्ट करशील, असे सांगितले. नष्ट झाले ते त्याचेच. हिरोडोटसने आणखी एक उत्तर नोंदवले आहे. मीड लोकांवर खेचर राज्य करू लागेल तेव्हा पळून जा, असे क्रीससला सांगण्यात आले होते. खेचर राजा होणार नाही या भरवशावर तो राहिला. सायरसची आई मीड आणि वडील पर्शियन होते. संमिश्र कुळाचा तो राजा म्हणजेच खेचर. पराभवानंतर क्रीससने डेल्फीला बेड्या पाठवून जाब विचारला, तेव्हा कोणते साम्राज्य असे तू पुन्हा विचारायला हवे होतेस, असे उत्तर आले.

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणीही तुला मारू शकणार नाही आणि बर्नमचे अरण्य चालून येईपर्यंत तुझा पराभव नाही, अशी दोन अभये राजाला मिळतात. दोन्ही अक्षरशः खरी आणि अर्थाने फसवी ठरतात. त्याच प्रसंगी मिळालेला तिसरा इशारा, मॅकडफपासून सावध राहा, हा मात्र अगदी सरळ आहे. मॅकबेथ त्यावर कृती करतो ती मॅकडफच्या बायकामुलांची हत्या करून. गूढ वचने त्याला बेसावध करतात, तर स्पष्ट वचन त्याला खुनी बनवते. हे नाटक मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शि. म. परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने आणि १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकर यांनी ‘राजमुकुट’ या नावाने आणले. पुराणकथांतील वर आणि उःशाप यांची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यातील भाकितांची रचना परकी वाटण्याचे कारण नव्हते.

मराठी कथात्म साहित्य

मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्या, म्हणजे लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८), अद्भुतरम्य वळणाच्या होत्या. योगायोग, ताटातूट आणि पुनर्मीलन यांवर उभ्या असलेल्या अशा कथानकांत सूचक चिन्हांचे काम मुख्यतः वाचकाला धीर देण्याचे असते. अर्थाचा पेच त्यांत फारसा नसतो. पुढे वास्तववादी कादंबरीचा जोर वाढला तसा दृष्टान्त हा विषय संतचरित्रांकडे आणि देवस्थानांच्या माहात्म्यकथांकडे राहिला.

खानोलकरांच्या ‘कोंडुरा’मध्ये तो पुन्हा गंभीर साहित्याच्या केंद्रस्थानी आला. कादंबरीची भूमी दक्षिण कोकणातील आहे. लेखकाचा जन्म वेंगुर्ले परिसरातला, आणि कोंडुरा या नावाचे समुद्रकाठचे ठिकाणही त्याच तालुक्यात आहे. घरातून बाहेर पडलेल्या एका सामान्य माणसाला एका गूढ पुरुषाकडून सिद्धी लाभते. तिच्याबरोबर गर्भ पाडणारी मुळी मिळते आणि ब्रह्मचर्याची अट येते. या कादंबरीवरून श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम’ हा चित्रपट केला. चित्रपटात देवीचा दृष्टान्तही आहे: मंदिराचा जीर्णोद्धार कर, गावातले पाप दूर कर. मंदिर कोणते ते नायकाला ठाऊक आहे. पाप कोणते ते त्याला सांगितलेले नाही.

सारी शोकान्तिका या न सांगितलेल्या शब्दात आहे. नायक लबाड नाही, त्याची श्रद्धा खरी आहे. म्हणूनच तो ‘पाप’ या रिकाम्या जागी गावातील कुजबूज, स्वतःची दडपलेली वासना आणि सत्ताधाऱ्याविषयीचा संशय भरत जातो. अखेर एका निरपराध स्त्रीच्या गर्भाविषयी तो चुकीचा निष्कर्ष काढतो आणि मुळीचा उपयोग करतो. हाती असलेले साधन वापरण्याचा मोह अर्थ ठरवतो, हे येथे विशेष सूचक आहे: मुळी नसती तर पापाचा अर्थ कदाचित सावकारी किंवा जमिनीवरचा अन्याय असाही लागला असता. दर्शन खरे होते की भ्रम होता, हा प्रश्न खुला राहतो. झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुताची व्याख्या करताना नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक स्पष्टीकरणांमधल्या वाचकाच्या दोलायमानतेवर भर दिला होता. त्या व्याख्येत ‘कोंडुरा’ नेमकी बसते. मात्र तिच्यातील स्त्रियांच्या दृष्टीने ही दोलायमानता निरर्थक आहे. दृष्टान्त देवीचा असो वा मनाचा, त्यांच्या वाट्याला येणारे फळ एकच आहे.

कंसाच्या कथेत अर्भके, जातकात प्राणी, ‘मॅकबेथ’मध्ये मॅकडफचे कुटुंब आणि येथे गर्भवती स्त्री. अर्थाचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याच्याहून दुबळा कोणीतरी चुकीची किंमत मोजतो, ही संगती इतक्या दूरदूरच्या कृतींत आढळते.

घटमांडणीशी तुलना

साहित्यातील भविष्यदर्शन आणि लोकजीवनातील भाकीत यांतला फरक समजण्यासाठी विदर्भातील भेंडवळची घटमांडणी उपयोगी पडते. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यातील या गावात अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडला जातो. वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये आणि मधोमध मातीची ढेकळे, पाण्याची घागर, पुरी, पापड, कुरडई, पानसुपारी असे पदार्थ ठेवले जातात. रात्री तेथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मांडणीत झालेल्या बदलांवरून पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांविषयीचे भाकीत सांगितले जाते. चार ढेकळे पावसाळ्याचे चार महिने दर्शवतात, पुरी म्हणजे पृथ्वी आणि पानसुपारी म्हणजे राजा, असे संकेत ठरलेले आहेत.

येथे संकेतकोश आधीच निश्चित असतो आणि वाचन सार्वजनिक असते. मोघमपणा राहतो तो प्रमाणात; पाऊस ‘साधारण’ म्हणजे किती, हे वर्ष संपल्यावर ठरवले जाते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या संघटना या प्रथेवर जो आक्षेप घेतात त्याचा गाभाही हाच आहे. पेरणीचा निर्णय घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला चुकीच्या भाकिताचे नुकसान सोसावे लागते, भाकिताला मात्र काही सोसावे लागत नाही. कादंबरीत हे उलट असते. तेथे लेखकाने शेवट आधीच ठरवलेला असल्याने भाकीत खरे होणारच, हे वाचक धरून चालतो आणि फक्त ‘कसे’ एवढेच शोधतो. कथेतील भविष्याचे आकर्षण मोठे आहे ते या हमीमुळे. प्रत्यक्ष जीवनात अशी हमी नसते.

इंग्रजी अद्भुतरम्य महाकादंबऱ्या

विसाव्या शतकातील इंग्रजी अद्भुतरम्य साहित्यात हे कथाबीज विपुल आढळते. जे. आर. आर. टोल्कीन यांना बर्नमचे अरण्य केवळ फांद्या धरलेल्या सैनिकांचे निघते याची शाळकरी वयात निराशा वाटली होती. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) मध्ये त्यांनी वृक्षांसारख्या एंट लोकांना खरोखरच युद्धावर पाठवले. पुरुषाच्या हातून मरणार नाही असे भाकीत असलेला नाझगुलांचा अधिपती एका स्त्रीच्या तलवारीने संपतो. त्या वेळी तिला साहाय्य करणारा हॉबिटही मानववंशाचा नसतो. या ग्रंथातील अधिक खोल प्रसंग डेनेथॉरचा आहे. दूरदर्शी गोलकात त्याला नदीतून येणारी काळ्या शिडांची जहाजे दिसतात. दिसते ते खरे असते. जहाजांवर शत्रू नसून मित्रसैन्य आहे एवढेच दिसत नाही. निराश डेनेथॉर स्वतःबरोबर जखमी मुलालाही चितेवर चढवू पाहतो. गॅलाड्रिएलच्या जलदर्पणाविषयी मात्र आधीच इशारा दिला जातो की, त्यात दिसणाऱ्या काही गोष्टी टाळायला गेल्यानेच घडतात.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील भाकीत कंसकथेच्या अगदी जवळ जाते. सातव्या महिन्याच्या अखेरीस जन्मणारे, विशिष्ट प्रकारच्या मातापित्यांचे मूल, असे वर्णन दोन मुलांना लागू पडते. व्होल्डेमॉर्टने भाकिताचा केवळ पूर्वार्ध ऐकलेला असतो. तो दोघांपैकी हॅरीची निवड करतो आणि त्या निवडीनेच भाकिताचा विषय निश्चित होतो. हे स्पष्टीकरण मालिकेच्या पाचव्या भागात (२००३) येते.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या १९९६ पासून प्रसिद्ध होत असलेल्या, अद्याप अपूर्ण असलेल्या मालिकेत चुकीचे वाचन हाच कथेचा एक प्रमुख चालक आहे. समुद्र विंटरफेलच्या तटावरून आत शिरतो आणि माणसे बुडतात, हे जोजेन रीडचे स्वप्न समुद्रापासून दूर असलेल्या गढीतील लोकांना असंभव वाटते. पुढे सागरी लुटारू गढी घेतात. मेलिसांद्रा ही पुजारीण ज्वाळांत मरणोन्मुख घोड्यावरची करड्या वस्त्रांतील मुलगी पाहते आणि ती जॉन स्नोची बहीण असल्याचे सांगते. येते ती दुसरीच. ज्वाळा चुकत नाहीत, वाचणारा चुकतो, अशी तिची धारणा आहे. तरीही पुढच्या वेळी ती तितक्याच ठामपणे बोलते. सर्सी राणी बालपणी ऐकलेल्या भाकितातील ‘धाकटा भाऊ’ या शब्दाचा अर्थ तिरियन असाच धरते. तिचा जुळा भाऊ जेमी हाही तिच्यानंतर जन्मलेला आहे, हे तिच्या मनात येत नाही. सर्सीच्या बाबतीत द्वेष अर्थाच्या आधीपासूनच आहे, अर्थ फक्त त्याला आधार पुरवतो.

रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ (१९९०–२०१३) मधील मिन हिला माणसांभोवती प्रतिमा दिसतात, पण अर्थ प्रत्येक वेळी कळत नाही. जेव्हा कळतो तेव्हा तो अटळ असतो. न कळलेल्या प्रतिमांचा अर्थ ती ओढूनताणून लावत नाही. हा संयम या साहित्यात विरळा आहे. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’मध्ये (१९६५) तर भाकिते पुढेमागे उपयोगी पडावीत म्हणून एका संघटनेने परक्या समाजांत हेतुपूर्वक पेरून ठेवलेली असतात.

अर्थनिर्णयाचे निकष

कथांतील अनुभवावरून काही निकष मांडता येतात. प्रथम दर्शनात प्रत्यक्ष काय दिसले आणि पाहणाऱ्याने त्यात काय भरले, हे वेगळे करावे लागते. डेनेथॉरने जहाजे पाहिली, शत्रू भरला. दुसरे, दर्शन कोणाविषयीचे आहे आणि कोणत्या काळाचे आहे, हे गृहीत धरता येत नाही, असे कोसलराजाची कथा दाखवते. ऐकलेले वचन पूर्ण आहे की अर्धे, हेही पाहावे लागते. नाव, संख्या आणि नाते सांगणारे शब्द विशेष फसवे असतात, कारण ते नेमके वाटतात. अर्थ सांगणाऱ्याला त्या अर्थापासून काही लाभ होणार असेल तर तो अर्थ संशयास्पद मानावा, हा जातकातील तरुण शिष्याचा निकष अजूनही सर्वांत कामाचा आहे.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये मांडलेली स्वयंपूर्त भाकिताची संकल्पना या चर्चेत नेहमी वापरली जाते. तिच्यानुसार मुळात चुकीची समजूत लोक खरी मानून वागले की त्या वागण्यानेच ती खरी ठरते. व्होल्डेमॉर्टला ती चपखल लागू पडते, शुद्धोदनाला काही अंशी लागू पडते. ‘कोंडुरा’च्या नायकाला ती लागू पडत नाही, कारण त्याच्या वागण्याने काहीही पूर्ण होत नाही, जीर्णोद्धार झालेले मंदिर आणि एका स्त्रीचा मृत्यू यांत आज्ञेची पूर्तता कोठे झाली, हे सांगायला देवी पुन्हा येत नाही.